उजव्या पायाचा ठसा

डावरीचा राग तिच्या भाचीपेक्षा वयानं मोठा होता, आणि खरं सांगायचं तर तिनं तो भाचीपेक्षा जास्त काळजीनं वाढवला होता. लोक म्हणायचे, "अगं, सोड आता. झालं गेलं." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "तुमचं झालं असेल. माझं कुठं झालंय?"

डाव्या हातानं खेळायची म्हणून डावरी. आता खेळत नाही, क्लबची मातीची टेनिस कोर्टं सांभाळते. झाडायचं, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पांढऱ्या रेघा नीट करायच्या. अंगानं काटकुळी, पण रोलर असा ओढते की बघणाऱ्याच्या कमरेत चमक भरावी. तिच्या तोंडावरून रोलर फिरवायची काही सोय असती, तर क्लबनं ती केव्हाच केली असती.

आणि राग कुणावर? ज्या बाईवरून अख्खं शहर जीव ओवाळून टाकतं, तिच्यावर. चॅम्पियनवर! एका कोर्टावर खेळून, एका बाटलीतलं पाणी पिऊन दोघी वाढल्या. पुढे ती जगभर कप जिंकत फिरली आणि शहरात तिच्याशिवाय दुसरं काही उरलंच नाही. चौकाला तिचं नाव, शाळेच्या हॉलला तिचं नाव. पोरी तिच्यासारख्या दोन घट्ट वेण्या घालून, तिच्यासारखीच मान उडवून सर्व्हिस करतात. आयुष्यात रॅकेटला हात न लावलेल्या आयासुद्धा मुलींना सुनावतात, "ती बघ, कशी शिस्तीत वाढली!" हे कानावर पडलं की डावरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शिस्त म्हणे! ऐका तिची शिस्त.

निवडीचा शेवटचा सामना होता. जिंकेल ती मोठ्या शिबिराला जाणार आणि पुढचा रस्ता तिचा. सामना संपवायला डावरीला एकच पॉइंट हवा होता. तिनं डाव्या हातानं असा काही चेंडू हाणला की तो पलीकडच्या मागच्या रेघेवर पडून सणकन निघून गेला. पलीकडून ओरड आली, "बाहेर!"

आता मातीच्या कोर्टाचं एक बरं असतं. चेंडू पडला की मातीत खूण उठते. शंका आली तर पंचानं खुर्चीवरून उतरायचं, खूण बघायची आणि निकाल द्यायचा. त्याआधी खेळणाऱ्यानं आपल्या बाजूची खूण पुसली, तर त्याचा पॉइंट गेला. नियमच आहे तसा. डावरीनं पंचाला हात केला. पंच म्हणजे क्लबातलेच एक वजनदार गृहस्थ. ते हाश्श-हुश्श करत खाली उतरेपर्यंत पलीकडच्या बयेनं उजवा पाय पुढे केला आणि खुणेवरून सर्रकन फिरवला.

"खूण कुठाय?" पंच म्हणाले.

"हिनं पुसली!" डावरी किंचाळली.

"पाय घसरला माझा," ती म्हणाली. अगदी साळसूद चेहऱ्यानं.

"खूणच नाही, तर मी बघू काय?" उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस खाली उतरला तरी शेळ्याच हाकणार! पॉइंट गेला, मग डावरीचे चेंडू नेटमध्ये जायला लागले, मग सामनाही गेला. शेवटी तिनं नेटजवळ जाऊन हातसुद्धा मिळवला नाही. बघणारे लांब बसलेले, त्यांना हे एवढंच दिसलं. म्हणाले, हरली म्हणून खोटं बोलते, कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

हरल्याचं ती पचवू शकली असती, पण खोटारडी ठरली ते वर्मी बसलं. शहरानं काय मानायचं ते मानावं, त्याची आशा तिनं सोडली होती. पण भाची! बहिणीची मुलगी, एका घरात वाढलेली. तिला रॅकेट धरायला शिकवलं डावरीनं, आणि पोरीनं भिंतीवर फोटो लावला चॅम्पियनचा. पुसलेल्या खुणेची गोष्ट डावरीनं तिला शंभरदा सांगितली. शेवटी एक दिवस पोरगी वैतागून म्हणाली, "मावशी, तू तिला पाण्यात बघतेस, दुसरं काही नाही. पुरावा आहे का तुझ्याकडे?" त्या दिवशी डावरीनं भांडी अशी घासली की कढईचा कान निखळला. या एका पोरीनं आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढंच तिला हवं होतं. तेवढंही नाही!

आणि मग क्लबचे सेक्रेटरी हसत हसत आले. "मावशी, चॅम्पियन बाई येतायत. मधल्या कोर्टाला त्यांचं नाव देतोय. शिवाय त्यांच्या उजव्या पावलाचा ठसा ओल्या मातीत घ्यायचा, त्याचा साचा करून धातूत ओतायचा आणि दारात चौथऱ्यावर बसवायचा. मुलींनी त्यांच्या पावलावर पाऊल टाकायला हवं ना!"

"उजव्या?"

"हो. का?"

"काही नाही. गुणाचा पाय आहे."

डावरीनं माती वस्त्रगाळ चाळली, खडा म्हणून ठेवला नाही, हळूहळू पाणी जिरवलं. जागा निवडली मागच्या रेघेजवळ, कोपऱ्यात. "इथंच का?" सेक्रेटरींनी विचारलं. "इथली माती खूण चांगली धरते," ती म्हणाली. वैर विसरली बिचारी, असं सगळ्यांना वाटलं. बिचारी! सुंभ जळला तरी पीळ जात नसतो.

चॅम्पियन आली. केस पांढरे, एक गुडघा आखडलेला. दोन वेण्यावाल्या पोरींची ही गर्दी, आणि पुढे टॉवेल घेऊन भाची. बाईंनी बूट-मोजा काढला, जागेकडे पाहिलं आणि थबकल्या.

"माती तू केलीस?"

"मीच."

पाऊल टेकलं, उचललं. पाची बोटं स्वच्छ उमटली. टाळ्या कडाडल्या. साचेवाला खाली वाकला, तेवढ्यात डावरी पुढे झाली आणि तिनं उजवा पाय ठशावरून सर्रकन फिरवला.

"अहो मावशी! ठसा!" सेक्रेटरी केकाटले.

"ठसा? कुठाय ठसा?" डावरी म्हणाली. "पाय घसरला माझा."

एकच गलका उठला. हाकला हिला, डोकं फिरलंय हिचं! भाचीचा चेहरा शरमेनं लाल झाला. सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "बाई, माफ करा, पुन्हा एकदा पाऊल..."

"ठेव की," डावरी म्हणाली. "तुझी खूण परत उठेल. माझी नाही उठली."

चॅम्पियन एका अनवाणी पायावर तशीच उभी. पाऊल ठेवलं असतं तर सगळं मिटलं असतं. तिनं ते ठेवलं नाही. सेक्रेटरींच्या हातातला माइक घेतला. "चेंडू रेघेवर होता," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली, "चेंडू रेघेवर होता. खूण मी पुसली. तो सामना हिचा होता. मला ठसा नको."

मग तिनं हात पुढे केला, सामना संपल्यावर करतात तसा.

डावरीनं त्या हाताकडे नीट, पोटभर पाहून घेतलं. "माझे हात मातीचे आहेत," ती म्हणाली आणि रोलरकडे वळली. हे ऐकलं की आतलं सगळं निवेल, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. कसलं निवतंय! पण गोड लागलं, फार गोड लागलं.

मागून भाची धावत आली. टॉवेल अजून हातातच, डोळे भरलेले. "मावशी, मी तुला पुरावा मागितला गं..."

"मागितलास," डावरी म्हणाली. "धर ही बाजू. तिथला उंचवटा दाबायचाय."

दारातला चौथरा अजून रिकामाच आहे. नव्या आलेल्या पोरी विचारतात, इथं काय होतं? डावरी तोंड उघडायच्या आत भाचीच सांगायला लागते, आणि त्यातला एक शब्दही गाळत नाही.