आत्याच्या साडीचा रंग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: माझ्या आत्याचे. वडील गेले तेव्हा मी तिवसा इथे सातवीत होतो. आत्यानं मला अमरावतीला नेलं. तिचा फुलांचा धंदा. ती हार ओवायची आणि मी शेजारी बसून अभ्यास करायचो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आज अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवतो, ते तिच्यामुळे.

यंदा दिवाळीनंतर तिला दम लागू लागला. हृदयाची एक झडप खराब झाली आहे, ऑपरेशन लवकर करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्या लगेच हो म्हणाली. मग मला जवळ बसवून म्हणाली, "पण त्याच्या आंधी मले एक साडी आणून दे."

"दवाखान्यात नेसायले?"

"नाई रे बाबू. वरती जाताना."

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेराकडून येते. वडील नाहीत, म्हणजे तिचं माहेर आता मीच.

"आत्या, असं अभद्र नको बोलू."

"अभद्र काय त्यात? मेल्यावर आणशीन तं मले कशी दिसंल? तू घाबरलेला, दुकानदार देईन ते उचलून आणशीन. विधवा म्हणून पांढरी आणली तं याद राख! जनमभर झेंडूत हात घातले म्या. मले झेंडूचा रंग पायजे. तो पाहिल्याबिगर मी टेबलावर चढत नाई."

"डॉक्टर म्हणतात, धोका लय कमी हाय."

"मंग तू काहून भेऊन राहिला?"

अकोल्याला परतताना एसटीत बसल्यावरही हा प्रश्न डोक्यातून जाईना. मेल्यावर आपण नसतोच, मग दुःख भोगणार कोण आणि भीती कशाची, हा युक्तिवाद मी वर्गात मांडला होता. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, "मग सर, ट्रक आला की तुम्ही बाजूला उडी काहून मारता?" वर्ग हसला, मीही हसलो. उडी मारणारं अंग विचार करत बसत नाही, असं काहीतरी उत्तर दिलं. पण आत्याच्या ऑपरेशनला अजून वेळ होता. विचार करायला भरपूर सवड होती आणि तरीही माझं अंग उडी मारायलाच बघत होतं.

अकोल्यात मी साडीच्या दुकानात गेलो. "कोणासाठी? लग्नाची दाखवू का?" दुकानदारानं विचारलं. मी तसाच बाहेर आलो. चार दिवसांनी पुन्हा गेलो आणि पुन्हा तसाच परतलो. साडी घरात आली की ती लागणारच, असं मनानं घेतलं होतं. एकीमागून दुसरी गोष्ट घडली म्हणून पहिली हे दुसरीचं कारण ठरत नाही, असं मी फळ्यावर लिहितो आणि ही चूक करणाऱ्यांचे गुण कापतो.

इकडे दवाखान्यानं तारीख दिली. साडी पाहिली नाही म्हणून आत्यानं ती जाऊ दिली. फोनवर तिला आता एक वाक्य एका दमात बोलता येत नव्हतं. माझ्या भीतीपायी तिचे दिवस वाया चालले होते.

"साडी आली?" तिनं विचारलं.

मी तिच्या गोळ्यांबद्दल विचारू लागलो.

"भेव वाटते तं सरळ सांग ना. मले बी वाटते. तपासाले मशीनवर झोपवलं तं डोये गच्च मिटून घेतले म्या... आता फोनवर रडू नको. काय ते लिहून पाठव. सावकाश वाचीन."

शाळेच्या भाषेत लिहायला बसलो, तर ते खोटं वाटलं. मग घरच्या भाषेत लिहिलं आणि अमरावतीहून रोज ये-जा करणाऱ्या एका सहकाऱ्याच्या हाती दिलं.

"आत्या,

साडी मी घेतली नाई. दोनदा दुकानात गेलो आन् वापस आलो. घेतली तं तू जाशीन, असं वाटते. हे खरं नाई, मले समजते. तरी वाटते.

झेंडू पिवळा बी असते आन् केसरी बी. तुले कोणता पायजे, हे इचारायची बी माही हिंमत झाली नाई. म्हणून शनिवारी मी येतो. ऑटोनं दुकानात जाऊ. तू खुर्चीवर बसून पाहिजे तितक्या साड्या उलगडून घे. कायसाठी पायजे, ते दुकानदाराले मी सांगीन. पैसे देऊ नको, माहेर मी हाय.

दवाखान्यात मी बोललो. सोमवारी भरती करून घेतात. आता ही तारीख जाऊ देऊ नको.

मले भेव वाटूनच राहिलं. ते जाईन तवा जाईन, त्याच्यासाठी थांबू नको.

तुहा भाचा"