मामाकडे केलेली चौकशी

रक्ताच्या कर्करोगातून मला डोंबिवलीच्या धाकट्या बहिणीने वाचवले. तिच्या बोन मॅरोतल्या पेशी माझ्या हाडांत रुजल्या. आता माझे सारे रक्त त्याच तयार करतात. काही महिन्यांनी माझ्या रक्तात एका विषाणूचे प्रमाण फार वाढलेले दिसले. संसर्ग समजून जहाल औषधे दिली गेली, ती मूत्रपिंडांना बाधली. ही पीडा बहिणीकडून आली, असे मी मनाशी ठरवून टाकले. तसे कोणी म्हटले नव्हते.

त्याच सुमारास तिच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे, लग्न नौपाड्यातल्या एका घरी जुळत आले होते. मुलाच्या वडिलांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मामाकडे खासगीत चौकशी केली. मुलगी सोन्यासारखी आहे, असे मी म्हणालो. मग आवाज आणखी खाली आणून, तिच्या आईच्या रक्तात काहीतरी असल्याचेही सांगितले. खरे बोलल्याचे समाधान घेऊन मी कोलशेतला घरी परतलो. त्यांनी बोलणी थांबवली.

पुढे एका नव्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी बहिणीचे मुळासकट केस मागितले. तिने माझ्यासमोरच ते उपटून दिले. विषाणू त्या मुळांतही निघाला. डॉक्टर म्हणाले, हा संसर्ग नव्हेच. कुण्या पूर्वजाच्या बीजात शिरलेला विषाणू जनुकांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. तो तिच्या प्रत्येक पेशीत आहे, बहुधा निपचित. माझी औषधे व्यर्थ होती.

मी नौपाड्याला जाऊन हे सारे समजावले. भाचीत तो उतरला असेलच असे नाही, हेही सांगितले. मुलाच्या वडिलांनी शांतपणे ऐकले, चहा दिला.

"म्हणजे औषधानं जाणारं नाही, उपजतच आहे," ते म्हणाले. "उद्या नातवंडांतही यायचं. बरं झालं, आपण होऊन सांगितलंत."

मग मी डोंबिवलीला गेलो. बहीण मेथी निवडत होती. ते स्थळ मोडले त्याविषयी बोलायचे आहे, एवढेच मी म्हणालो.

"कोणी सांगितलं ते मला सांगू नकोस, दादा," ती म्हणाली. "तुझा आजार उलटला, तर डॉक्टर पुन्हा माझ्याकडेच येतील. तेव्हा मला नाही म्हणावंसं वाटायला नको."

मी सांगितले नाही. तिच्या पेशी पुन्हा लागू शकतात, हे मलाही तिच्याइतकेच ठाऊक होते.