उजव्या कानातला आवाज

मोठा कॅमेरा घ्यायचा हे मंडणगडच्या एका लग्नानंतर ठरलं. मुलीच्या पाठवणीचं चित्रण ज्या कार्डावर होतं, ते कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर रिकामं. जाणकारांकडे पाठवून पाहिलं, पण काही परत मिळालं नाही. मुलीची आई आमच्या स्टुडिओत आली, समोरच्या खुर्चीत बसली आणि शांतपणे म्हणाली, "मग आता माझी मुलगी परत एकदा पाठवून दाखवा." दुपारभर ती तशीच बसून होती. दुसरी गिऱ्हाइकं आली की त्यांना झालेला प्रकार पहिल्यापासून सांगायची.

नवरा आणि मी मुंबईला गेलो. दुकानातला माणूस कॅमेऱ्याची सगळी माहिती नवऱ्याला देत होता. कॅमेरा ही चालवणार, असं नवऱ्यानं सांगितल्यावर त्यानं तो उचलून माझ्या खांद्यावर ठेवला आणि खांदा खाली जातो का ते बघत उभा राहिला. गेला नाही. मला हव्या होत्या त्या दोन गोष्टी त्या कॅमेऱ्यात होत्या. एकच चित्रण एकाच वेळी दोन कार्डांवर उतरायचं, म्हणजे एक दगावलं तरी दुसरं शिल्लक. आणि दोन माणसांच्या छातीवर दोन बिनतारी माइक लावले, तर दोघांचे आवाज वेगवेगळे यायचे. एक डाव्या कानात, एक उजव्या.

त्या दिवसापासून मी कार्डांच्या बाबतीत कुणाचं ऐकलं नाही. भरलेलं कार्ड डबीत पालथं ठेवायचं, म्हणजे रिकामं समजून कुणी ते परत वापरणार नाही. घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी त्याची नक्कल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर करायची. ती ठिकठिकाणी चालवून बघायची, आणि काम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. नवरा हसायचा. पण नंतर आमच्याकडचं एक मिनिटही कधी हरवलं नाही.

मिरकरवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाचा ऐंशीवा वाढदिवस त्याच कॅमेऱ्यावर झाला. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. ह्यांना सगळे आबा म्हणायचे; उमेदीची सगळी वर्षं त्यांनी समुद्रावर काढली होती. आता कमरेखाली ताकद उरली नव्हती आणि कान गेले होते. थोरला मुलगा मुंबईत नोकरीला. काम त्यानंच दिलं. वडिलांची मुलाखत, मग कार्यक्रम, आणि त्यातून एक फिल्म. जे जे चित्रित होईल ते कच्च्या स्वरूपात आपल्या डिस्कवर मिळालं पाहिजे, ही त्याची अट होती. धाकटा मुलगा ट्रॉलरवर असायचा, घरी कमी. आबांचं सगळं धाकट्याची बायको बघायची. उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, अंथरूण बदलणं. ती माझ्याच वयाची होती. मी तिला वहिनी म्हणत असे.

मी विचारलेलं आबांना ऐकू जाईना. वहिनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन माझा प्रश्न मोठ्यानं सांगायची, मग ते बोलायचे. म्हणून एक माइक आबांच्या सदऱ्याला लावला आणि दुसरा वहिनीच्या पदराला. आबा फार छान बोलले. वादळात डोलकाठी मोडली तेव्हाचं, सोबतचा खलाशी डोळ्यांदेखत गेला तेव्हाचं. वहिनी त्यांच्या ओठांवरची लाळ मध्येमध्ये पुसत होती, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं.

मुलाखत संपता संपताच पाहुणे यायला लागले आणि पाया पडायची रांग लागली. कॅमेरा मी चालूच ठेवला. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. पदराचा माइक तिच्या लक्षात राहिला नाही आणि रांगेकडे बघण्यात माझ्याही नाही.

पुढच्या आठवड्यात थोरला मुंबईला परत निघाला, तेव्हा त्याची डिस्क मी भरून दिली. एडिटिंग सुरू केलं आणि आबा रिक्षा करून स्टुडिओत यायला लागले. रिक्षावाला त्यांना उचलून आणून खुर्चीत बसवायचा. मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवून आवाज शेवटपर्यंत वाढवला, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तो हेडफोन डोक्याला दाबून धरला. त्यांना ऐकू येत होतं. स्वतःचं बोलणं ऐकून ते मान डोलवायचे, मध्येच म्हणायचे, "हां, तसंच झालेलं." उजवा कान त्यांचा जरा बरा होता. त्या कानात वहिनी प्रश्न विचारत होती. "हिचा आवाज असा हाय व्हय," ते मला म्हणाले. "मला वाटायचं, नुसती ओरडते."

एक दिवस मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर एका बारशाचं काम करत होते. आबांच्या पडद्यावर मुलाखत संपून पाया पडणाऱ्यांची रांग सुरू झाली होती. तो भाग मी स्वतः अजून ऐकला नव्हता. हेडफोन इतका मोठा लावलेला की आवाज बाहेर खोलीत झिरपायचा. पाहुणे आबांना म्हणत होते, शंभर वर्षं जगा. आणि त्याच वेळी, भांड्यांच्या आवाजात, वहिनी शेजारणीला म्हणत होती, "शंभर वर्षं जगा म्हणून सांगून जातील सगळी. धुवायला कोण हाय शंभर वर्षं? एवढ्या वादळांतनं परत आला हा माणूस. एखाद्या वादळानं ठेवून घेतला असता तर मी सुटले असते." शेजारीण हसली. वहिनीही हसली असावी. मग आबांची हाक आली, आणि लगेच वहिनीचा वेगळा, मोठा आवाज, "आले, आबा."

मी उठून पडद्यावरचं चित्र थांबवलं. आबांनी बोटानं खूण केली, परत लाव. मी लावलं नाही, तर त्यांनी स्वतःच बटण दाबून मागे नेलं. मीच त्यांना ते शिकवलं होतं. त्यांनी ते परत ऐकलं, डोळे मिटून. मग हेडफोन काढला.

"हे फिलिममदी घाल," ते म्हणाले. "शेवटाला."

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की ती दमलेली होती, माणूस दमला की काहीही बोलून जातो.

"दमलेला माणूस खरं बोलतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुमचं सगळं तीच करते, दुसरं कोण करतं सांगा. ते म्हणाले, ती करते म्हणूनच तिचं सगळ्यांनी ऐकलं पाहिजे. मी हे करणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांना राग आला नाही. उलट ते थोडे हसले. "नको घालू, बाय. थोरल्याकडं हाय ना सगळं."

दुसऱ्या दिवशी मी मिरकरवाड्यात गेले. वहिनी मागच्या दारी कोळंबी सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. हातातली कोळंबी सोलून तिनं भांड्यात टाकली. मग विचारलं, "त्यांना ऐकू आलं?"

मी हो म्हटलं. हेडफोन लावला की येतं.

"इतकी वर्षं मी त्यांच्याशी घसा फोडून बोलते," ती म्हणाली. "माझं नेमकं एवढंच ऐकू आलं."

तिनं नवऱ्याला सांगून ठेवावं असं मी सुचवलं. ती म्हणाली, तो खाली मान घालेल, दुसरं काय करेल. तिचा अंदाज बरोबर निघाला.

गणपतीला थोरला घरी आला, तेव्हा आबांनी सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं. फिल्म मी पूर्ण करून दिली होती, ती टीव्हीवर लावली. मलाही बोलावणं होतं. वाटलं, मी समोर असले तर कदाचित लाज धरतील. फिल्म संपली, लोकांनी कौतुक केलं, आणि मग थोरल्यानं आपल्या मोबाइलवरून तो तुकडा टीव्हीला जोडला. आवाज पूर्ण वाढवला होता, आबांना ऐकू यावं म्हणून. त्यानं फक्त उजव्या बाजूचा आवाज ठेवला होता. डाव्या बाजूच्या शुभेच्छा काढून टाकल्या होत्या. तेवढं काम त्यानं कुणाकडून तरी खास करून घेतलं होतं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात वाढायचं पातेलं घेऊन उभी होती. कुणी तिच्याकडे बघितलं नाही, मग सगळ्यांनीच बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "असं बोलवतं तरी कसं?" त्या म्हातारीनं आबांना कधी पाणी पाजलेलं मी पाहिलं नव्हतं. जिनं वहिनीबरोबर हसून घेतलं होतं ती शेजारीण जेवणाऱ्यांतच होती. ती पानाकडे बघत राहिली. धाकट्यानं मान खाली घातली. थोरला म्हणाला, ह्यात आपण काहीच जोडलेलं नाही, जे आहे ते आहे. आणि आबा वहिनीला म्हणाले, "वाढ गो. लोकं थांबलीत."

तिनं वाढलं. शेवटच्या पानापर्यंत.

मी जेवले नाही, उठून आले. दारात थोरल्यानं मला फिल्मबद्दल धन्यवाद दिले.

मला वाटलं होतं की तिला माहेरी धाडतील, किंवा आबांना मुंबईला नेतील. त्यातलं काहीच झालं नाही. आबांना दुसऱ्या कुणाचा हात चालेना. थोरल्यानं बाई ठेवायची तयारी दाखवली, तर आबांनी साफ नाही म्हटलं. नंतर एकदा त्या घरी गेले होते, तेव्हा वहिनी त्यांना अंघोळ घालत होती. मोरीचं दार लोटलेलं होतं. आतून आबांचा आवाज येत होता, अगदी प्रेमळ, मुलाला गोष्ट सांगावी तसा. "कुठल्या वादळात राहायला पायजे होतं मी? तू सांग. डोलकाठी मोडली त्या? का त्याच्या आदीच्या?" पाण्याचा आवाज थांबत नव्हता. वहिनी बाहेर आली, मला बघितलं, टॉवेल घेतला आणि परत आत गेली. रोज हे असंच चालतं, असं नंतर शेजारीण मला म्हणाली. सांगताना तिनं आवाज खाली केला, आणि तिला मजा वाटत होती हे लपलं नाही.

आबा त्यानंतरही बरेच दिवस जगले. गेले तेव्हा अंगावर एक जखम नव्हती, पाठीला एक फोड नव्हता. इतकी वर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाचं अंग असं राहत नाही, असं बघायला आलेल्या डॉक्टरांनी म्हटलं म्हणतात. ते कुणी वहिनीला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तिच्या शब्दानंच म्हातारा गेला, हे मात्र मिरकरवाड्यात सगळ्यांनी तिला सांगितलं.

ती आणि तिचा नवरा आता हर्णेला असतात. नवरा दुसऱ्याच्या होडीवर जातो, ती बंदरावर मासळी विकते. मागच्या हिवाळ्यात तिथल्या लिलावाचं चित्रण करायला गेले होते. मी खांद्यावरून कॅमेरा उतरवला तेव्हा तीच पुढं आली. बरी दिसत होती. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर तिनं विचारलं, माझं ते बोलणं अजून आहे का तुमच्याकडं.

मी म्हटलं आहे, दोन डिस्कवर. म्हणालीस तर आजच घरी जाऊन पुसून टाकते. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला असं विचारत होते.

तिनं विचार केला. मागं लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज चढत होता, तिला तिकडे जायचं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "खोटं नव्हतं ते."

मग टोपली डोक्यावर घेऊन ती गर्दीत शिरली.