सोवळं

अप्पर हटच्या लोकल गाडीत एक मराठी गृहस्थ रोज भेटतात आणि मला इंग्रजीचा इतिहास सांगतात. "फ्रेंच राजे आले, त्यांचे शब्द घेतले. इथे माओरींचे घेतले. सोवळं पाळलं नाही, म्हणून वाढली, बरं का." सोवळ्याओवळ्याविरुद्धची पत्रकं वाटत वाढलेल्या मला हे फार पटायचं.

रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. त्यांची मुलगी धीर करून म्हणाली, "दादा, आमटी हीप्स छान झालीय. अजून घ्या ना."

"हीप्स काय? खूप म्हण," ते कडाडले. "शुद्ध मराठी बोल, नाहीतर बोलू नकोस."

तिने डाव पातेल्यात ठेवला. निघताना मी तिला विचारलं, "परत येऊ ना?"

बाबांकडे बघून ती म्हणाली, "यू आर ऑलवेज वेलकम."

यात भेसळ नव्हती. ते समाधानाने हसले.