आत्याचं कपाट आघाडीवर

माझी आत्या काज-बटणाचं काम करायची. शिंपी कोट शिवून पाठवायचे आणि ती तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून काजं करायची. राजा कोण, प्रधान कोण, याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं.

क्रांती सुरू झाली त्या सकाळी ती डोळे तपासायला गेली होती. परत येऊन बघते तर कपाट गायब. रस्ता अडवायला म्हणून बंडखोरांनी ते दोरखंडाने खिडकीतून खाली उतरवलं होतं. तिचे दोरे, सुया, बटणं, सगळं त्यात. आत्या तडक चौकात गेली. पिंपं, बाकं आणि एक मोडका पियानो यांच्या ढिगात कपाट उभं होतं, आणि दारं नेमकी सैन्याच्या बाजूला.

"ते जरा फिरवून द्या," आत्या म्हणाली.

बंडखोरांचा म्होरक्या म्हणजे शाळेतला भूगोलाचा मास्तर. तो अजिजीने म्हणाला, "काकू, ते हलवलं तर अख्खी क्रांती कोसळेल."

मग आत्या गल्लीतून वळसा घालून पलीकडे गेली. सैनिकांनी बंदुका रोखल्या.

"कुठे निघालात, बाई?" कॅप्टनने विचारलं.

"कपाटात."

यावर काय हुकूम सोडायचा, ते त्याला सुचेना. आत्याने कमरेची किल्ली काढली, काळं रीळ घेतलं, पुन्हा कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. जाता जाता कॅप्टनच्या कोटाकडे तिचं लक्ष गेलं.

"दोन बटणं लोंबतायत. असे लढणार?" म्हणत तिने ती तिथेच लावून दिली.

त्यानंतर ती रोज दहाला यायची आणि दोन्हीकडचा गोळीबार थांबायचा. आधी दहा मिनिटं. पुढे सैनिकांची रांग लागायला लागली, तसा साडेअकरापर्यंत.

"काकू, तुम्ही शत्रूची बटणं लावता?" मास्तर कुरकुरला.

"तुझी बाही उसवलीय. आण इकडे."

नवव्या दिवशी राजा पळून गेला. मास्तर आणि कॅप्टनने मिळून कपाट जिन्याने वर न्यायला घेतलं.

"डावीकडे घ्या."

"तुमच्या का माझ्या?"

दुसऱ्या वळणावर ते जे अडकलं, ते अडकलंच. शेवटी आत्यानेच खुर्ची खाली आणली आणि पुढची अकरा वर्षं जिन्यातच काजं केली. भाडेकरू अंग चोरून जायचे. मास्तर पुढे मंत्री झाला, चांगला गुबगुबीत झाला. भेटायला आला की कपाटाच्या खालच्या बाजूला उभा राहून आत्याशी तास तास गप्पा मारायचा. दोघांना एकमेकांचं तोंड काही दिसायचं नाही.