दोर पानांखाली बांधला होता

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीच्या गेटला दोन उंच खांब आहेत. ते माझं काम. गेट नवं करायचं ठरलं तेव्हा मी कमिटीसमोर आर्किटेक्चर कॉलेजातलं जाड पुस्तक उघडलं होतं, जुन्या ग्रीक-रोमन खांबांचं. पानभर चित्रं, आणि तळाच्या रुंदीवरून वरच्या नक्षीपर्यंत प्रत्येक गोष्टीचं माप. साड्या बघाव्यात तशी सगळ्यांनी पानं उलटली. "हा साधा नको. तो डोक्यावर पानं असलेला, तो झकास!"

"दगडी ना रे?" सेक्रेटरी काकांनी विचारलं.

"अगदी दगडासारखे दिसतील."

त्यांना हवं ते त्यांनी ऐकलं. मी ऐकू दिलं. खांबाच्या आत काय असतं, ते त्या चित्रांत नसतंच. माझ्या खांबांत काहीच नाही. फायबरचं कवच आणि पत्र्याची हलकी चौकट. मापं मात्र पुस्तकाबरहुकूम.

गोपाळकाल्याच्या सकाळी खिडकीतून पाहिलं तर पोरं शिडीवर चढून हंडीचा दोर त्याच खांबांना बांधत होती, थेट पानांखाली. दरवर्षी तो समोरासमोरच्या गच्च्यांवरून बांधायचे. यंदा त्यातली एक बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली. खाली मुलींचं पथक जमलेलं. सगळ्यात वरच्या थराला माझी मुलगी. हंडी फोडली की दोराला लोंबकळायची तिची खोड मला माहीत होती.

तरी मी चहा घेतला. खरंच घेतला. धरेल, काही होत नाही, असं मनाशी म्हणत राहिलो. मग पोरांनी दोर ताणला आणि उजव्या खांबावरचं एक पान हललं. खरंच हललं की भीतीने मला तसं दिसलं, अजून सांगता येत नाही.

खाली धावलो. मुलगी हेल्मेटचा पट्टा आवळत होती. मी खांबावर मूठ आपटली. रिकाम्या डब्यासारखा वाजला.

"काका, पोकळ आहेत. दोन्ही."

ढोल थांबला. काकांची मालवणी रागातच बाहेर येते. "मेल्या, आता सांगतंस?"

"बाबा, तुला माहीत होतं?" मुलीने विचारलं.

"हो."

"आणि वर काय करत होतास?"

चहाचं कसं सांगणार?

दोर सोडला. त्या वर्षी हंडी कोणी फोडली नाही.

संध्याकाळी ती बाल्कनीत गेली, कठड्याला टेकता टेकता थबकली. "हा कोणी केलाय?"

"बिल्डरने."

मग ती टेकली.