जिभेखालची दहा मिनिटं

लोहाऱ्याच्या कारखान्यात माझी कंबर धरली, तेव्हा चौकातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दुखण्याचं इंजेक्शन दिलं. म्हणाला, "पुन्हा दुखलं त येजा भाऊ, लाजू नोका." मी लाजलो नाही. कंबर बरी झाली, इंजेक्शन काही सुटलं नाही. नोकरी गेली, बायको बाभुळगावला माहेरी गेली, आणि हा गृहस्थ मला पाहिलं की न विचारता ड्रॉवर उघडायचा.

आता सरकारी दवाखान्यातून गोळी मिळते. तीही त्या इंजेक्शनासारखी अफूच्याच कुळातली, पण झिंग न आणणारी. तलफ मारते आणि माणसाला कामावर उभं ठेवते. ती जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत दहा मिनिटं बोलायचं नाही. नर्सबाई आधी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायला लावत. मी थोडा गालात लपवायचो, मग पिंकेबरोबर गोळीही बाहेर जायची, आणि वर औषधात दम नाही म्हणून मीच भांडायचो. बाईंनी एकदा गालात बोट घातलं तेव्हा भांडण मिटलं.

मी सुधारतोय हे मेडिकलवाल्याला खपलं नाही. "एक नशा सोडून सरकारी नशा करून राह्यला तो," असं चौकभर सांगत सुटला. माझ्या मेव्हण्याच्या कानावर गेलं. यायला निघालेली बायको थांबली. तेव्हा माझं टाळकं फिरलं.

पुढे गोळ्या घरी न्यायला मिळू लागल्या, तशी मी रोज सकाळी त्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून गोळी घेऊ लागलो. तोंड बंद, डोळे त्याच्यावर. चिठ्ठीशिवाय येणारे मला ओळखतात. बरेचसे परत फिरतात. दोघांना मीच दवाखान्यात नेलं. लोक म्हणतात पुण्य लागेल. मला पुण्य नको, त्याचं उतरलेलं तोंड पाहिजे.

एकदा तो बाहेर आला. "काहून बसून राह्यला बे रोज? माह्या पोटावर कायले पाय देतं?"

गोळी विरघळायची होती. मी हात वर करून त्याला थांबवलं. तो उन्हात थांबला. मग मी म्हटलं, "दुखते म्हणून येतो भाऊ. लाजत नाही."

दिवाळीनंतर बायको परत आली. डॉक्टर आता गोळी हळूहळू कमी करणार आहेत. ती म्हणाली, "गोळी बंद झाली, मंग त त्या बाकावर जानं सोडान ना?"

मी तिला पेपरमिंटचा पुडा आणायला सांगितला आहे.